धान्य पोहोचले, भाजी राहिली : अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग, महाराष्ट्र शासन
प्रत : मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका, मा. आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका

विषय : अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांच्या ताज्या भाजी-फळांच्या खरेदीला शासनाने जोड देण्याबाबत

महोदय,

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यानुसार प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकत्रित ३५ किलो धान्य मिळू लागले, आणि जानेवारी २०२३ पासून त्यासाठी आकारले जाणारे दोन-तीन रुपयेही माफ झाले. शिधापत्रिका ज्यांच्या हाती आहे आणि ज्यांचा अंगठा यंत्रावर उमटतो, त्यांच्यापुरता धान्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे, हे आपल्या विभागाचे श्रेय मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारता येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने उंचीने कमी आढळली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ही पाहणी अन्न सुरक्षा कायदा राज्यात रुजल्यानंतरची आहे. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे ते गहू-तांदळाने भरून निघत नाही. त्यासाठी डाळ, अंडी, दूध, भाजी आणि फळ लागते, आणि यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींना शिधावाटपात जागा नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शिकेनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत. पाच माणसांच्या घरात मुलांचे प्रमाण थोडे कमी धरले तरी महिन्याला निव्वळ भाजी ५० किलोच्या आसपास जाते, आणि सरासरी ४० रुपये किलोचा भाव धरल्यास तिचा खर्च २,००० रुपये होतो. कायदा लागू होताना शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये, म्हणजे महिन्याला ४,९०० च्या वर थोडे, अशी ठरली होती. शासनाने ज्या कुटुंबाला गरीब म्हटले, त्याच्या उत्पन्नाचे पाच भाग केले तर त्यांतले दोन भाग केवळ भाजीवर जातील, तेव्हा शासनाच्याच संस्थेने सांगितलेला आहार पुरा होईल. ठाण्यातील दिव्यात किंवा कल्याण पूर्वेत खोलीचे भाडे, वीज, रेल्वेचा पास आणि मुलांची शिकवणी भागवून हे कसे जमवायचे, याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही. दरवर्षी सप्टेंबरात साजऱ्या होणाऱ्या पोषण महिन्यात अंगणवाड्यांतून पालेभाज्यांचे तक्ते लागतात आणि पाककृतींच्या स्पर्धा होतात. मेथी चांगली असते हे ज्या बाईला माहीत नाही अशी बाई ठाणे-कल्याणात शोधूनही सापडणार नाही, तरीही उपक्रमाचा सगळा भर तिला ते पुन्हा सांगण्यावर असतो.

शिधावाटपातून भाजी वगळली गेली, यामागे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. मुंबईत १९४३ साली शिधावाटप सुरू झाले ते युद्धकाळातील धान्यटंचाईमुळे. पुढे १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हाही मागणी धान्य, तेल, साखर आणि रॉकेलची होती. ज्या वस्तू पोत्यात किंवा डब्यात महिनाभर टिकतात त्यांचेच शासकीय वाटप होऊ शकते. कोथिंबिरीची जुडी गोदामातून तालुक्याला आणि तालुक्यातून दुकानात जाईपर्यंत तिची माती झालेली असते. दिवाळी २०२२ पासून काही सणांना देण्यात आलेला ‘आनंदाचा शिधा’ याच तर्काने ठरला : सुरुवातीच्या संचात १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल मिळत असे. सणाच्या फराळाला त्याची मदत झाली यात शंका नाही. मात्र त्यात ताजे असे काही नव्हते, आणि असूही शकत नव्हते. म्हणून या पत्रात शिधावाटप दुकानांतून भाजी विकण्याची मागणी केलेली नाही. तसा प्रयोग झालाच तर दुकानदार, ग्राहक आणि भाजी या तिघांचेही हाल होतील.

भाव भडकला की शासन भाजीच्या बाजारात उतरते, हेही नोंदवले पाहिजे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीपार गेल्यावर केंद्र सरकारने राष्ट्रीय सहकारी ग्राहक महासंघामार्फत दिल्लीसह काही शहरांत गाड्या लावून तो ९० रुपये किलोने विकायला सुरुवात केली आणि पुढे दर आणखी उतरवला. असा हस्तक्षेप मध्यमवर्गाचा संताप शमवण्यास उपयोगी पडतो, पण त्यात रांगेत उभा राहील त्याला टोमॅटो मिळतो, मग तो मोटारीतून आलेला असो वा पायी, आणि भाव उतरताच गाडी निघून जाते. कराचा मार्गही येथे चालत नाही, कारण ताज्या भाज्या आणि फळे यांवर वस्तू व सेवा कर मुळातच नाही. शून्यातून वजा करण्यासारखे काही उरत नाही. याउलट सप्टेंबर २०२५ मधील फेररचनेत बिस्किटे, फरसाण, चॉकलेटे, नूडल्स यांच्यावरील कर ५ टक्क्यांवर आला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०२२-२३ च्या कुटुंब खर्च सर्वेक्षणानुसार शहरी भारतात एकूण खर्चापैकी ३९.१७ टक्के अन्नावर होतो आणि त्यात पेये, तयार खाद्यपदार्थ व प्रक्रिया केलेले पदार्थ यांचाच वाटा १०.६४ टक्के असतो. पाच रुपयांचे वेफरचे पाकीट बारा महिने पाच रुपयांनाच मिळते, आतला ऐवज कमी होत गेला तरी. पालकाच्या जुडीचा भाव मात्र आषाढात एक आणि पौषात दुसराच. हाती मोजके पैसे असलेल्या घरात मूल रडू लागले की कोणत्या वस्तूवर भरवसा ठेवता येतो, हे यावरून ठरते. आणि करकपातीने हा तराजू आणखी त्याच बाजूला झुकवला आहे.

खासगी खरेदीला शासनाने हातभार लावणे हे आपल्याकडे नवे नाही. पगारदारांना कंपनीकडून मिळणारी जेवणाची कुपने एका जेवणामागे ५० रुपयांपर्यंत अनेक वर्षे करमुक्त राहिली, आणि डोंबिवली-ठाण्यातील नोकरदार घरांनी ती उपाहारगृहांइतकीच सुपरमार्केटातील वाणसामानावर खर्च केली. त्या सवलतीतून बुडालेला कर हे अनुदानच होते. फक्त त्याला कोणी अनुदान म्हटले नाही आणि ते घेण्यासाठी कोणाला रांगेत उभे राहावे लागले नाही.

प्रस्तुत मागणी अशी आहे की अल्प उत्पन्न कुटुंबाने ताजी भाजी किंवा फळे विकत घेतली की त्या खरेदीचा ठराविक हिस्सा शासनाने भरावा. यास ‘जोड’ म्हणता येईल : वीस रुपयांच्या खरेदीत दहा रुपये कुटुंबाचे आणि दहा शासनाचे. रोख रक्कम थेट खात्यात का नको, हा आक्षेप लगेच घेतला जाईल आणि तो रास्त आहे. जुलै २०२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतून पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी १५० आणि पुढे १७० रुपये देण्यात येऊ लागले. रोख पैसा घेणाऱ्याचा मान राखतो, पण तो ज्या घरात येतो तिथे त्याच्या आधी भाडे, उधारी आणि दवाखाना उभा असतो, आणि बाईने त्यातून आधी उधारी फेडली तर तिचे काहीच चुकत नाही. जोड वेगळ्या जागी काम करते. ती उत्पन्न वाढवण्यापेक्षा खरेदीच्या क्षणी भाजीचा भाव इतर वस्तूंच्या तुलनेत उतरवते, आणि माणूस भाव पाहून वळतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील हॅम्पडेन परगण्यात २०११-१२ मध्ये असा प्रयोग झाला. अन्नसाहाय्य मिळणाऱ्या निवडक कुटुंबांना फळे-भाज्यांवर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३० सेंट परत मिळत, आणि ती कुटुंबे इतरांच्या तुलनेत या वस्तू सुमारे २६ टक्के अधिक खात असल्याचे मूल्यमापनात दिसले. त्यानंतर तेथील केंद्रीय कायद्यात अशा जोडीसाठी स्वतंत्र निधी आला. मात्र हॅम्पडेनचा प्रयोग जसाच्या तसा उचलून कल्याणला आणला तर तो पहिल्याच आठवड्यात आपटेल, कारण तो मोठ्या दुकानांच्या बिलयंत्रणेवर उभा होता, आणि येथील गरीब माणूस भाजी बिलावर घेत नाही.

तो ती कशी घेतो, हे बारकाईने पाहिल्याशिवाय योजना आखणे म्हणजे पुन्हा एक संकेतस्थळ उघडणे होईल. ठाण्यात जांभळी नाका आणि कल्याणात बाजार समितीचे आवार ही मोठी ठिकाणे आहेत, पण तेथे पहाटे येतो तो विक्रेता. घरकाम, बांधकाम किंवा कारखान्यातील पाळी संपवून रात्री आठ-नऊच्या लोकलने उतरणारी बाई स्थानकाबाहेरच्या पाटीवरून आणि हातगाडीवरून खरेदी करते, आणि तीही किलोने नाही, वाट्याने. चार वांगी, पाच टोमॅटो, मूठभर मिरच्या असे ढीग लावलेले असतात, त्यांना दहा किंवा वीस रुपये पडतात, आणि रात्र चढत जाते तसा तोच वाटा मोठा होत जातो, कारण उरलेला माल विक्रेत्यालाही घरी न्यायचा नसतो. फ्रीज नसलेल्या घरात दोन दिवसांची भाजी घेऊन चालत नाही, म्हणून आठवडे बाजाराचा स्वस्त भाव या कुटुंबांच्या फारसा उपयोगी पडत नाही. शासनाने २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान राबवले. शेतकरी आणि ग्राहक यांची गाठ पडण्यासाठी ते चांगलेच आहे, पण सोसायट्यांच्या जवळच्या मैदानात सुटीच्या सकाळी भरणारा बाजार मुंब्र्यातील पाळीवाल्या कामगारापर्यंत पोहोचत नाही. पालेभाजीचे गणित तर आणखी अवघड आहे. जुडी शिजून मूठभर होते, निवडायला वेळ लागतो, आणि धुवायला पाणी लागते. ज्या वस्तीत पाणी एक दिवसाआड आणि तेही अर्धा तास येते, तेथे माठ किंवा चवळई तीन पाण्यांतून काढणे ही चैन ठरते.

तेव्हा जोडीची रक्कम हातगाडीपर्यंत जाणार असेल तरच तिला अर्थ आहे, आणि इथे आपल्या विभागाचा विषय महापालिकांच्या विषयाशी येऊन मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई आहे, आणि चेंगराचेंगरीचा धोका पाहता ती अनाठायी नाही. पण पथविक्रेता अधिनियम, २०१४ ने दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचे सर्वेक्षण, किमान ४० टक्के विक्रेते-प्रतिनिधी असलेली नगर पथविक्रेता समिती आणि विक्रीची निश्चित क्षेत्रे हेही सांगितले आहे. या दोहोंतील मनाईचा भाग गाडीवर माल भरून नेण्याच्या रूपाने रोज दिसतो, क्षेत्रे ठरवण्याचा भाग मात्र वर्षानुवर्षे लांबत राहतो. १५१ व्या मीटरपासून पुढे, घरी जाण्याच्या पायवाटेवर, दिवा, नळ आणि कचऱ्याचा पिंप असलेले संध्याकाळचे भाजीचे पट्टे दोन्ही महापालिकांनी आखले, तर फेरीवाला धोरणाचा पोषणाला जितका उपयोग होईल तितका पोषण अभियानाचा आजवर झालेला नाही.

पैसे पोहोचवण्याची साधने आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेले ई-रुपी हे ठराविक व्यक्तीसाठी आणि ठराविक कारणासाठीचे डिजिटल व्हाउचर असून साध्या फोनवरील संदेशाने किंवा छापील क्यूआर चिन्हाने ते वापरता येते, त्यासाठी बँक खाते लागत नाही, आणि २०२२ पासून शासनाने दिलेले व्हाउचर रक्कम संपेपर्यंत अनेकदा वापरण्याची मुभा आहे. दुसऱ्या बाजूला, २०२० च्या पीएम स्वनिधी योजनेने पथविक्रेत्यांना १०,००० रुपयांपासून कर्ज दिले आणि डिजिटल व्यवहारांवर वर्षाला १,२०० रुपयांपर्यंत परतावा देऊ केला, त्यामुळे पालकाच्या पाटीवरही आज क्यूआरची पाटी दिसते. विक्रेत्याने वाट्याची निम्मी किंमत रोख घ्यावी आणि निम्मी व्हाउचरवर. एवढेच त्याने करायचे आहे. मात्र ही निम्मी रक्कम त्याच्या खात्यात त्याच रात्री पडली पाहिजे. भाजीवाला पहाटे चारला ज्या पैशाने माल उचलतो ते आदल्या रात्रीचे असतात, आणि पुष्कळदा ते रोजाच्या व्याजाचे असतात. अनुदानित थाळी देणाऱ्या शिवभोजन केंद्रचालकांची देयके थकल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या. केंद्रचालक काही आठवडे कळ काढू शकतो, हातगाडीवाला एक दिवसही काढू शकत नाही आणि दुसऱ्या दिवसापासून तो व्हाउचर घेणे बंद करील.

गैरव्यवहार होईल का? होईल. दहाचे व्हाउचर आठ रुपये रोख देऊन वटवणारा कोणी ना कोणी निघेल, जसा शिधावाटपातील तांदूळ विकणारा निघतो. बिल नसल्यामुळे वस्तूवर नियंत्रण ठेवता येणार नाही. ते विक्रेत्याच्या प्रकारावर ठेवावे, म्हणजे व्हाउचर फक्त भाजी-फळे विकणाऱ्या नोंदणीकृत गाडीवरच चालेल आणि किराणा दुकानात चालणार नाही. एका दिवशी वापरता येणारी रक्कम लहान ठेवली तर वटवणुकीत हाती लागण्यासारखे फारसे राहत नाही. ही गळती शून्यावर आणण्याच्या हट्टापायी अंगठा, छायाचित्र आणि प्रमाणपत्रे यांचा ससेमिरा लावल्यास गळती थांबेल, कारण कोणी योजनेकडे फिरकणारच नाही.

पात्रतेबाबत एक धोका मुद्दाम सांगितला पाहिजे. केवळ प्राधान्य आणि अंत्योदय कुटुंबे धरली तर या दोन शहरांतील भाडेकरू, नव्याने आलेले कामगार आणि ५९,००० च्या रेषेच्या जरा वर असलेली केशरी शिधापत्रिकांची मोठी संख्या बाहेर राहील. सीमा दुसऱ्या प्रकारेही आखता येते : ब्रिटनमधील ‘हेल्दी स्टार्ट’ ही योजना कमी उत्पन्नाच्या घरांतील गर्भवती आणि चार वर्षांपर्यंतची मुले यांच्यापुरतीच आहे, आणि सुरुवातीसाठी ती मर्यादा शहाणपणाची आहे. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या आणि अंगणवाडीत गर्भवती, स्तनदा माता किंवा सहा वर्षांखालील मूल नोंदलेल्या प्रत्येक कुटुंबाला महिन्याला ३०० रुपयांची जोड दिली, तर तेवढेच पैसे कुटुंबाने घालून ६०० रुपयांची, म्हणजे वर धरलेल्या ४० रुपयांच्या भावाने १५ किलो, रोजची अर्धा किलो भाजी घरात येईल. मार्गदर्शिकेच्या मापाने हे थोडेच आहे. एक लाख कुटुंबांसाठी त्याचा वार्षिक खर्च ३६ कोटी रुपये होतो. शहरी शिवभोजन केंद्राला एका थाळीमागे ४० रुपये अनुदान देण्याचे शासनाने २०२० मध्ये ठरवले होते. तो दर लक्षात घेता ही रक्कम विभागाला अनोळखी वाटू नये. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली हा पट्टा मुंबईच्या शिधावाटप नियंत्रकांच्या अखत्यारीत येतो, म्हणून दोन महापालिका असूनही शिधापत्रिकांची यंत्रणा एकच आहे. प्रयोगासाठी हीच जागा योग्य असण्याचे हे प्रशासकीय कारण.

दुसरे कारण भूगोलाचे आहे. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतील भेंडी, काकडी, कारली या शहरांच्या दारातच पिकतात, आणि पावसाळ्यात कातकरी, ठाकूर, वारली स्त्रिया शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली घेऊन कल्याण-ठाण्याच्या स्थानकांबाहेर बसतात. कृषी विभाग २०२० पासून ऑगस्टात रानभाजी महोत्सव भरवतो; महोत्सवात ज्या भाजीचे कौतुक होते तीच भाजी विकणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी पदपथावरून उठवले जाते. ती कोणत्याही सर्वेक्षणात सापडणार नाही, कारण ती वर्षातले तीन महिनेच विक्रेती असते. तिच्यासाठी हंगामी नोंदणीची सोय ठेवावी लागेल. ताजे ते सगळे चांगले असे मात्र समजू नये : ठाणे ते डोंबिवली दरम्यान रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेली पालेभाजीही याच बाजारात येते आणि ती हिरवीगार दिसते. शासनाचा पैसा त्या भाजीवर जाणार असेल तर अन्न व औषध प्रशासनाने तिचे नमुने नियमित तपासून निष्कर्ष प्रसिद्ध करणे हा योजनेचाच भाग मानावा लागेल.

निधीच्या सातत्याचा प्रश्नही आहे : नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलाला केळे, देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला आणि शाळांना लोकवर्गणीचा मार्ग दाखवला. चौदा महिन्यांत मुलांना सवय लागते, पुरवठादार तयार होतात, आणि मग दोन्ही वाऱ्यावर जातात. जोडीचा प्रयोग करायचाच असेल तर तो किमान तीन वर्षांच्या स्वतंत्र लेखाशीर्षासह करावा, आणि त्याचे मोजमाप वाटलेल्या व्हाउचरांच्या संख्येवर न करता सुरुवातीला आणि दर सहा महिन्यांनी त्या घरांत काल काय शिजले हे विचारून करावे. अंगणवाडी सेविकांवर हे नवे काम विनामोबदला लादू नये. दोन्ही आयुक्तांकडून प्रथमतः एवढीच अपेक्षा आहे की नगर पथविक्रेता समितीपुढे भाजी-फळ विक्रेत्यांची स्वतंत्र यादी आणि स्थानकाबाहेरील संध्याकाळच्या जागांचा नकाशा येत्या पावसाळ्यापूर्वी ठेवावा, म्हणजे विभागाच्या निर्णयाला उशीर झाला तरी शेवळ्यांच्या पाट्यांना बसायला जागा मिळालेली असेल.

कळावे,
ठाणे जिल्ह्यातील शिधापत्रिकाधारक नागरिकांच्या वतीने